प्रतीक्षायादीतली पहिली

मार्च अर्धा सरला नाही तोच दक्षिणेचं वारं सुटलं आणि माझ्या भावाचं, ल्यूकचं, तोंड आंबट झालं. मेपलच्या झाडातून रस यायला रात्री गोठवणारी थंडी लागते आणि दिवसा ऊन. रात्रच उबदार झाली की झाडाच्या कळ्या फुगतात, आणि कळ्या फुगल्यावर त्या रसाचा पाक असा वास मारतो की कुत्रंही तोंड लावणार नाही. म्हणजे सगळा हंगाम त्या एका आठवड्यात उरकायचा होता. रस तर असा धावत होता, की टेकडीवरच्या झाडांना लावलेल्या नळ्यांतून टाकीत पडतानाचा त्याचा आवाज मला घरात बसून ऐकू यायचा.

व्हरमाँटच्या ह्या वरच्या टोकाला, कॅनडाच्या हद्दीजवळ, आम्हा रॉयर लोकांचं मेपलचं रान आहे. मी इवेट, ल्यूकची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेची बस चालवते आणि भावाच्या अंगणातच दोन खोल्या करून राहते. तोंडाची फटकळ आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांचे कष्ट वाचतात.

रस आटवून पाक करायच्या साखरघरात आम्ही चौघं राबत होतो. ल्यूक काहिलीपाशी. त्याची बायको डेनिस वृद्धाश्रमातली पाळी संपवून यायची ती गणवेशावरच रबरी एप्रन चढवून पाक गाळायला उभी राहायची. पोरगी कोरिन शाळेतून आली की बर्फात चालायचे जोडे बांधून रानात जायची. खारीने कुठे नळी कुरतडली, कुठे गळतंय, हे ती नुसत्या फुसफुशीवरून हुडकायची. आणि मी लाकडं वाहायची. भट्टीचं पोट भरता भरत नाही, खांदे भरून यायचे, वाफेने छत दिसेनासं व्हायचं, पापण्यासुद्धा चिकट. फेस वर चढला की ल्यूक लोण्याचा एवढासा खडा टाकायचा आणि फेस गपकन खाली बसायचा. साखरघरात कायदा एकच: पेटलेली काहील सोडून कुणी हलायचं नाही. रस तळाला गेला तर काहील जळते आणि काम तिथेच थांबतं.

पण आमच्या घरातली खरी गडबड पाकाची नव्हती, नर्सिंगची होती.

झालं असं, की मायलेकींनी एकाच वेळी अर्ज केले होते. खाली खोऱ्यातल्या कॉलेजात नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते. जागा मोजक्या, आणि त्यासाठी प्रवेशपरीक्षा. डेनिस वृद्धाश्रमात मदतनीस. म्हाताऱ्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि औषधाची वेळ झाली की बाजूला व्हायचं, कारण औषधाला हात लावायचा हक्क फक्त नर्सचा. कोरिन लहान होती तेव्हापासून डेनिस एकेक विषय करत आली होती. एका वर्षी शरीरशास्त्र, मध्ये दोन वर्षं काही नाही, मग रसायनशास्त्र. कोरिनने बारावीतच ते सगळं उरकून टाकलं. परीक्षेला दोघी एकाच गाडीतून गेल्या. दारातल्या माणसाने कोरिनला आत सोडलं आणि डेनिसला म्हणाला, पालकांनी बाहेर थांबावं. डेनिसने पर्समधून आपलं प्रवेशपत्र काढेपर्यंत मागच्या रांगेतली पोरं तिच्याकडे बघत होती. गणितात ती अडखळली ती त्यामुळेच, असं माझं मत. ती म्हणते, नाही, गणित आधीपासूनच कच्चं होतं.

निकाल आला. कोरिनला जागा मिळाली. डेनिस प्रतीक्षायादीत.

तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण शाळेतल्या बाईंच्या आग्रहाखातर कोरिनने सरोवरकाठच्या शहरातल्या विद्यापीठालाही अर्ज टाकला होता, चार वर्षांच्या बॅचलर पदवीसाठी. तिथेही तिचं नाव लागलं. दोन्हीकडे शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत काय ते कळवायचं होतं.

कोरिनचं ठरलेलं होतं. दोनच वर्षं. दोन्हीकडून बाहेर पडल्यावर परीक्षा तीच, परवाना तोच, आणि पहिल्या दिवशी हातात देणार ते शौचाचं भांडंही तेच, असं ती सगळ्यांना ऐकवायची. मग चार वर्षं कशाला घालवायची? इथे राहीन, खोऱ्यात शिकेन, हंगामात बापाला मदत करीन. पोस्टातली मार्गो म्हणायची, चारवालीच घे, मोठी हॉस्पिटलं हल्ली दोनवालीला दारात उभी करत नाहीत. वृद्धाश्रमातल्या मुख्य नर्सबाई स्वतः दोनवाल्या. त्या म्हणायच्या, दोनने माझं काही अडलं नाही, फक्त वरची खुर्ची तेवढी कायम दुसऱ्याला मिळाली. पोरगी रानात गेली की ल्यूक मात्र दर थोड्या वेळाने दाराबाहेर डोकावून टेकडीकडे बघायचा. पोरगी राहणार म्हणून तो खूश होता, एवढं मला कळत होतं.

आणि मला आणखीही एक गोष्ट कळली होती. सोमवारी लाकडं उतरवताना डेनिस माझ्याजवळ आली आणि म्हणाली, मी कॉलेजात फोन केला होता. यादीत मी पहिली आहे.

मला क्षणभर कळेना, ह्यात एवढं कुजबुजण्यासारखं काय आहे. मग कळलं. एक जागा सुटली, की ती डेनिसला. आणि सगळ्यांनी होकार कळवले होते, उरली होती एकटी कोरिन.

"तिला कळता कामा नये," डेनिस म्हणाली. "इवेट, शपथ घे. तिला कळलं तर ती माझ्यासाठी जाईल, आणि मग जन्मभर मी तिच्या तोंडाकडे कशी बघू?"

मी शपथ घेतली. माझ्यासारखीने. बोलायचं तर नाही, पण पोरीला चारकडे ढकलायला कुणी बंदी केली होती? मी सुरू झाले. विद्यापीठात पोहायचा तलाव आहे म्हटलं, तोही गरम पाण्याचा. खोऱ्यातली निम्मी पोरं तुझी चुलत-मावस भावंडं, तिथे कुणाशी बोलणार आहेस? कोरिन म्हणाली, आत्या, मला नर्स व्हायचंय, मासा नाही. मी म्हटलं, तिथलं जेवण चांगलं असतं. ती म्हणाली, तू कधी जेवलीस? मी भट्टीत लाकूड टाकलं.

शुक्रवारी विद्यापीठाने नव्या मुलांना बघायला बोलावलं होतं. शाळेतल्या बाईंना शब्द दिलाय म्हणून जाऊन येते, असं कोरिन म्हणाली, तोंड वाकडं करून. चिखलाने रस्ते असे खचले होते की शाळाच बंद ठेवली होती, म्हणजे मी मोकळी. माझ्या ट्रकमधून आम्ही निघालो. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत कोरिन खिडकीतून आमच्याच नळ्या मोजत होती.

विद्यापीठात त्यांनी आम्हाला बरंच काही दाखवलं. श्वास घेणारी, कण्हणारी रबरी माणसं खाटांवर झोपवली होती. एक तर बाळंत होत होती. मी भिंतीकडे तोंड केलं. कोरिन मात्र हात खिशात घालून, जनावरांच्या बाजारात आल्यासारखी बघत होती. मी मनात म्हटलं, संपलं.

शेवटी एक बाई बोलायला उठल्या. उंच, कृश, आणि पायात गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले रबरी बूट. मी बुटांकडेच बघत राहिले. त्या म्हणाल्या, माफ करा, सरळ एका पेशंटच्या घरून आले, गाडी खाली सोडून चालत जावं लागलं. चौथ्या वर्षाच्या मुलांना घेऊन त्या आडरानातल्या घराघरांत जातात म्हणे. जखमा बघायच्या, औषधं बघायची, चुलीत लाकूड आहे का आणि फडताळात खायला आहे का तेही बघायचं. कुणीतरी विचारलं, हे दोन वर्षांच्या कॉलेजात शिकवत नाहीत का? बाई म्हणाल्या, तिथली मुलं उत्तम नर्स होतात, मी कित्येकींबरोबर काम केलंय. पण दोन वर्षांत हॉस्पिटलमधला पेशंट शिकून होतो, घरातला शिकायला वेळ उरत नाही.

कोरिनचे हात खिशातून बाहेर आले.

आमच्या रानाच्या वर, टेकडीपलीकडे ऑर्विल नावाचा म्हातारा एकटा राहतो. नळ्या बघायला गेली की कोरिन त्याच्याकडे डोकावते. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, कोरिन आपली धुऊन पट्टी बांधायची, आईला विचारून. तिला काय कळणार, शाळकरी पोर. शेवटी पाय कापला. डॉक्टरने विचारलं, आधी का आला नाहीत? ऑर्विल म्हणाला, रस्ता नव्हता.

ही गोष्ट कोरिनने त्या बाईंना सांगितली, माझ्यादेखत, कॉफीच्या टेबलापाशी. एवढी सगळी कधी कुणाला सांगितली नव्हती. सांगताना मानेपर्यंत लाल झाली होती. बाईंनी तिला दिलासा दिला नाही. अंगठ्याचा रंग कसा होता, वास होता का, पाय गार लागायचा का, असं विचारत गेल्या. कोरिनने सगळं बरोबर सांगितलं. मग कोरिन विचारायला लागली आणि थांबेचना. आमच्या समोरच्या कपांतली कॉफी निवली. मला आनंदाने गुदगुल्या होत होत्या आणि मी शहाण्यासारखी डोनट खात होते.

आम्ही परत निघालो. डांबरी रस्ता संपला, आमचा कच्चा रस्ता सुरू झाला. चाकोऱ्या एवढ्या खोल की ट्रकचं पोट मधल्या वरंब्याला घासत होतं. अशा रस्त्यावर वेग धरून चालत राहायचं, काही झालं तरी थांबायचं नाही. हे मी बसवर शिकाऊ येणाऱ्या प्रत्येकाला बजावते.

"आत्या," कोरिन म्हणाली, "मी चार करणार."

मी कचकन ब्रेक दाबला.

"तुझ्या आईला जागा मिळाली," मी ओरडले. "पोरी, ती पहिली आहे यादीत."

ट्रक शांतपणे खाली बसायला लागला. दारापर्यंत चिखल आला तेव्हा कुठे मला कळलं, आपण काय केलं ते. ट्रकचं नव्हे, दुसरं.

कोरिन माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

मी म्हटलं, फक्त मला. ती म्हणाली, म्हणून तलाव, म्हणून जेवण. मी म्हटलं, हो, पण त्या बूटवाल्या बाई काही मी आणून उभ्या केल्या नव्हत्या. ती खिडकीतून बाहेर पडली आणि चालायला लागली. मी मागून. एका बुटाला चिखलाने जे धरलं ते सोडलंच नाही, मी तशीच मोज्यावर चालले. पुढून ती मान न वळवता बोलत होती. आत्ता पाच मिनिटांपूर्वी मला पक्कं माहीत होतं मला काय हवंय. आता मी गेले तर आईसाठी गेले, आणि राहिले तर आईच्या वाटेत बसले. तू माझं एक ठरलेलं होतं तेही नासवलंस. खरंच होतं ते.

साखरघराच्या छपरातून वाफेचा लोट निघत होता. आत ल्यूक काहिलीपाशी आणि डेनिस पळी घेऊन पाक बघत होती. पाक झाला की पळीच्या कडेवरून थेंब पडत नाहीत, सलग पापुद्रा सुटतो. कोरिन दारातच उभी राहिली.

"आई, तू पहिली आहेस यादीत."

डेनिसने माझ्याकडे बघितलं. माझा एक पाय मोज्यात, कमरेपर्यंत चिखल. तिने मला शिव्याही घातल्या नाहीत. पळी तशीच धरून म्हणाली, "तू माझ्यासाठी जागा सोडलीस तर मी ती घेणार नाही. फोन आला तर नाही म्हणून सांगेन. हे आत्ताच ऐकून ठेव."

मला वाटलं, झालं, दोघी एकमेकींसाठी मरतील आणि जागा जाईल तिसरीला. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होऊन गेले होते. ल्यूक फेसाकडे बघत होता आणि हातातलं लोणी त्याच्या बोटांत वितळून चाललं होतं.

कोरिन पुढे आली. चिडलेली नव्हती आता, पण आवाज बारीक झाला होता. "मला एक खरं सांग. जागा तुला मिळाली असती आणि मी यादीत असते, तर तू सोडली असतीस माझ्यासाठी?"

आता कुठलीही आई काय म्हणेल? मी तर डेनिसच्या तोंडून हो येणार म्हणून डोळे पुसायची तयारीच केली होती.

"नाही," डेनिस म्हणाली.

बोटांत वितळलेलं लोणी ल्यूकने फेसात झटकलं.

"नसती सोडली," ती म्हणाली. "तुला म्हटलं असतं, तू अठराची आहेस, पुढच्या वर्षी बघ. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं तरी नसती सोडली. मला ती जागा इतकी हवी आहे, कोरिन, की मला माझीच लाज वाटते. म्हाताऱ्यांच्या खोलीतून औषधाच्या वेळी बाहेर पडून पडून मी कंटाळले. तू हो कळवशील म्हणून मी आठवडाभर घाबरले होते. आई असून. म्हणून तुला सांगितलं नाही."

तिच्या हातातल्या पळीवरून पाकाचा पापुद्रा सुटला होता आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कोरिनचा चेहरा आधी ओढला गेला, मग सैल पडला, आणि ती हसायला लागली. डेनिस भांबावून बघत राहिली.

"मग ठीक आहे," कोरिन म्हणाली. "तू तुझ्यासाठी जागा सोडली नसतीस. मग मीही माझ्यासाठी जाते. मला त्या बाईंबरोबर ऑर्विलसारख्यांच्या घरी जायचंय. तू यादीत शेवटची असतीस तरी मी गेले असते."

"खरं?"

"खरं. आत्याला विचार. तिने ट्रक बुडवला त्याच्या आधी ठरलं होतं."

मी छातीवर हात ठेवून साक्ष दिली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दाला त्या घरात एवढी किंमत आली.

आमच्या दरीत मोबाइल लागत नाही. फोन एकच, घरातला, स्वयंपाकघराच्या भिंतीवर. कोरिन अंगण ओलांडून धावली, डेनिस तिच्यामागे एप्रनसकट, मी एका बुटाने लंगडत. कोरिनने आधी विद्यापीठाला होकार कळवला, मग कॉलेजाला फोन लावून आपण येत नसल्याचं सांगितलं, तिकडच्या बाईंनी वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि तिने फोन ठेवला. मग आम्ही तिघी त्या फोनकडे बघत उभ्या. सोमवारी करतील, डेनिस म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी कोण कशाला बसतंय? एवढं म्हणून ती हात धुवायला नळाशी गेली, आणि फोन वाजला.

हात ओलेच. तिने रिसीव्हर उचलला. आमचा फोन जुना, पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येतो. बाई म्हणाल्या, डेनिस रॉयर? एक जागा मोकळी झाली आहे, यादीत तुमचं नाव पहिलं. घाई नाही, घरी बोला, सोमवारपर्यंत विचार करून कळवा.

"विचार करून झालाय," डेनिस म्हणाली. "नाव लिहा माझं."

बाई काहीतरी समजावायला लागल्या. डेनिस म्हणाली, आत्ता लिहा, मी धरून ठेवते. आणि खरंच धरून उभी राहिली, डोळे मिटून, तिकडून लिहिलं असं येईपर्यंत. मग रिसीव्हर हातात तसाच ठेवून ती ओट्याला टेकली आणि हुंदके देऊन रडायला लागली. कोरिनने तिला मिठी मारली. एकीच्या अंगाला पाक, दुसरीच्या चिखल, दोघी एकमेकींना चिकटल्या.

मी डोळे पुसायला वळले तर दारात ल्यूक. टोपी हातात, गाल ओले. हा माणूस पेटल्या काहिलीपासून कधी हलला नव्हता. कोरिन जन्मली त्या दिवशीसुद्धा रस आटवूनच दवाखान्यात पोचला होता, आणि डेनिसने ते त्याला अजून माफ केलेलं नाही.

"मिळाली?" त्याने विचारलं.

"मिळाली," मी म्हटलं. "पण ल्यूक, काहिलीपाशी कोण आहे?"

तेवढ्यात वास आलाच. आम्ही सगळे धावलो. साखरघरात काळा धूर, डोळे उघडवत नव्हते. फावड्यांनी बर्फ आणून ओतला, बर्फ किंचाळला, आणि काहिलीचा तळ पार कोळसा. टाकीत रस अजून पडतच होता. ल्यूक लाकडांच्या ढिगावर बसला आणि मला वाटलं आता हा रडेल. तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. डेनिसने बाह्या वर केल्या, खरवडायला पत्रा घेतला आणि काहिलीत वाकून खसखसा घासायला लागली. डोळे अजून सुजलेले, पण हात असा चालत होता की मला जवळ जायची छाती होईना.

कोरिनही दुसऱ्या बाजूने घासायला वाकली. मग डेनिस मान वर न करता म्हणाली, "हिशेब केलास का? दोन वर्षांनी मी नर्स. तू तेव्हा अजून पुस्तकंच वाचत असशील."

"आणि मी आल्यावर? माझी पदवी तुझ्यापेक्षा मोठी असेल."

"असू दे की," डेनिस म्हणाली. "माझ्या हाताखाली लागशील. पाळीवर वेळेवर यायचं."